विंडोज रिसेलर होस्टिंग घेताय? किंमत बघण्याआधी हे विचारा

कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सी शार्पमध्ये केला, मग ओळखीतलं कुणीतरी म्हणालं, "आमच्या क्लासची पण वेबसाइट करून दे ना," आणि बघता बघता चार-पाच साइट्स गळ्यात पडल्या. पुण्यात हे बऱ्याच जणांचं होतं. माझंही झालं. नोकरी सांभाळून मी आज सहा छोट्या साइट्स बघतो, त्यात दोन क्लास आणि एक पतसंस्था आहे. सगळ्या एकाच विंडोज रिसेलर अकाउंटवर आहेत. पहिला प्रोव्हायडर निवडताना मी फक्त किंमत बघितली होती, आणि ते मला चांगलंच महागात पडलं.

आधी रिसेलर म्हणजे काय ते बघू. कोथरूड-कर्वेनगरला एखादा माणूस अख्खा फ्लॅट भाड्याने घेतो आणि कॉट बेसिसवर मुलांना देतो, तसंच हे. सर्व्हर प्रोव्हायडरचा. तुम्ही त्यातली जागा घाऊक घेता आणि आपल्या क्लायंटना वाटून देता. क्लायंटला तुमचंच नाव दिसतं, त्यामुळे नळाला पाणी आलं नाही की फोन तुम्हालाच येतो, मूळ मालकाला नाही. आणि कंट्रोल पॅनल म्हणजे या फ्लॅटच्या चाव्यांचा जुडगा: कुणाला किती जागा, किती ईमेल, किती डेटाबेस, सगळं तिथून ठरतं.

मुळात विंडोज हवंय का?

वर्डप्रेस किंवा पीएचपी असेल तर नको. लिनक्स स्वस्त पडतं. डॉट नेट कोअर २०१६ पासून लिनक्सवरही चालतं, त्यामुळे नवीन प्रोजेक्टला विंडोजची सक्ती राहिलेली नाही. एसक्यूएल सर्व्हरसुद्धा २०१७ च्या आवृत्तीपासून लिनक्सवर येतो. पण जुन्या वेब फॉर्म्समधली साइट, क्लासिक एएसपी, किंवा कुणीतरी दहा वर्षांपूर्वी ॲक्सेसच्या फाइलवर उभं केलेलं काही असेल, तर विंडोज आणि आयआयएसला पर्याय नाही. छोट्या संस्थांकडे अजूनही असं बरंच काही आहे. ते नव्याने लिहायला त्यांच्याकडे पैसे नसतात, आणि चालू असलेली गोष्ट मोडायची त्यांची इच्छाही नसते.

माझं काय झालं

एका क्लासचा प्रवेश अर्ज तीन पानांचा होता. शेवटच्या तारखेला दुपारपासून फोन सुरू झाले: "तिसऱ्या पानावर गेलं की सगळं कोरं होतंय." माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं व्यवस्थित. रात्री उशिरा कारण कळलं. आयआयएसमध्ये प्रत्येक साइट एका ॲप्लिकेशन पूलमध्ये चालते. आमच्या प्रोव्हायडरने माझ्या सगळ्या साइट्स एकाच पूलमध्ये कोंबल्या होत्या आणि त्याला मेमरीची मर्यादा लावली होती. दुसऱ्याच एका साइटने मेमरी खाल्ली की अख्खा पूल रीसायकल व्हायचा आणि अर्ज भरणाऱ्यांचं सेशन उडायचं.

सपोर्टवाल्यांनी "कोड तुमचा आहे" असं उत्तर देऊन तिकीट बंद केलं. राग आला, पण अर्धी चूक माझीच होती. सेशन पूलच्या मेमरीत न ठेवता डेटाबेसमध्ये ठेवलं असतं तर वाचलो असतो. दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांनी मुदत दोन दिवस वाढवली आणि मला फक्त एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं होतंस की हे असं होऊ शकतं." ते अजून टोचतं.

म्हणून पहिला प्रश्न हा: प्रत्येक साइटला स्वतंत्र ॲप्लिकेशन पूल मिळतो का, आणि त्याची मेमरी मर्यादा किती? याला सरळ आकडा मिळाला नाही तर पुढे जाऊ नका. दुसरं म्हणजे, आयआयएसमध्ये मूळ सेटिंग असं असतं की २० मिनिटं कुणी साइट उघडली नाही तर ती झोपी जाते, आणि पुढच्या माणसाला पहिलं पान उघडायला बराच वेळ लागतो. शिवाय दर २९ तासांनी पूल आपोआप रीसायकल होतो. हे बदलता येतं का, तेही विचारा.

पॅनल कोणतं?

सीपॅनल विंडोजवर चालत नाही, त्यामुळे तो विषय संपला. उरतात मुख्यतः प्लेस्क आणि सॉलिडसीपी. सॉलिडसीपी हे जुन्या वेबसाइटपॅनलमधून निघालेलं, मुक्त स्रोत, लायसन्सचा खर्च नाही. पण ते चालवणारा प्रोव्हायडर जाणकार हवा. प्लेस्क जास्त सुटसुटीत आहे, आणि स्वतंत्र पूल प्रत्येक सबस्क्रिप्शनला देण्याची सोय त्यात आहे. स्वतःचा सर्व्हर घेऊन प्लेस्क टाकणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: वेब ॲडमिन आवृत्तीत १० डोमेन, वेब प्रोमध्ये ३०, आणि खाली रिसेलर तयार करायची सोय फक्त वेब होस्टमध्ये. सीपॅनलने २०१९ मध्ये अकाउंटच्या संख्येवर दर लावायला सुरुवात केली तेव्हा अनेक होस्टिंगवाल्यांचं गणित कोलमडलं होतं. पॅनलची दरवाढ शेवटी आपल्याच बिलात येते, म्हणून रिन्यूअलचा दर आधी लेखी घ्या. जाहिरातीतल्या किमतीत १८ टक्के जीएसटी बहुतेक वेळा धरलेला नसतो, हेही बघा.

डेमो पॅनल फोनवर उघडून बघा, हे मी मुद्दाम सांगतोय. तुम्ही लॅपटॉपसमोर असताना साइट बंद पडेलच असं नाही. मी लोणावळा लोकलमध्ये उभ्या उभ्या पूल रीसायकल केलाय.

बॅकअप म्हणजे परत आणता येणं

"रोजचा बॅकअप" असं सगळेच लिहितात. एसक्यूएल सर्व्हरची बॅक फाइल मला स्वतः डाउनलोड करता येते का, आणि पॅनलमधून परत चढवता येते का, हा खरा प्रश्न. शेअर्ड सर्व्हरवर आपल्याला ॲडमिनचे अधिकार नसतात, म्हणजे पॅनलमध्ये सोय नसेल तर दर वेळी सपोर्टच्या पाया पडायचं. त्यात एक छुपा खड्डा आहे. नव्या आवृत्तीची बॅक फाइल जुन्या एसक्यूएल सर्व्हरवर चढत नाही. आज २०१९ वर असाल आणि उद्याचा प्रोव्हायडर २०१७ वर असेल, तर सामान घेऊन निघालात तरी दारातच अडकाल.

विंडोज सर्व्हरचीही आवृत्ती विचारा. २०१२ आर२ चा नियमित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, आणि २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतोय. विंडोजचं लायसन्स प्रोव्हायडरच्या नावावर रीतसर आहे ना, हे विचारायला लाजू नका.

सर्व्हर कुठे आहे? अमेरिकेत असेल तर पुण्यातून प्रत्येक फेरीला दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातात. फॉर्म भरताना ते जाणवतं. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन २०१५ पासून पुण्यातच आहे. तिथे मशीन घेऊन प्लेस्क टाकता येतं. पण सहा साइट्ससाठी मला ते खर्चिक वाटलं, म्हणून मी मुंबईतला सर्व्हर असलेला साधा रिसेलर प्लॅन घेतला.

पैसे परत मिळायची मुदत असते ना, ती वाया घालवू नका. मी पहिल्याच आठवड्यात एक रिकामी साइट टाकली, डेटाबेस मुद्दाम उडवला आणि फोनवरून परत आणायचा प्रयत्न केला. रविवारी रात्री अकराला तिकीटही टाकलं. एका प्रोव्हायडरचं उत्तर मंगळवारी आलं, तेही "लॅपटॉप रीस्टार्ट करून बघा". दुसऱ्याने पन्नास मिनिटांत पूलची मर्यादा किती आहे ते आकड्यात सांगितलं. आज सगळ्या साइट्स त्याच्याकडे आहेत.