एका तंतूचं टोक

हिवरखेडला गेलो तो एका वाक्यापायी. तिथे विज्ञान शिकवणारे एक सर फोनवर बोलता बोलता म्हणाले होते, "कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. आख्खी एक." जन्मभर कापसाच्या गादीवर निजलो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळी नुकतीच उलटली होती. तेल्हाऱ्याकडून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी फुटलेली, समोर सातपुडा. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल आणि आरशाचा सूक्ष्मदर्शक. आधी रीतसर कांद्याचा पापुद्रा झाला: आयोडीनचा थेंब, विटांसारख्या रचलेल्या पेशी, प्रत्येकीत केंद्रकाचा ठिपका. मग सरांनी हिरवं बोंड काढलं.

ब्लेडने चिरलं तर आत कापूस नव्हताच. शहाळ्याच्या मलईसारखा ओला, पाणीदार गर, आणि त्याला काकडीसारखा कोवळा वास. हे तंतू अजून जिवंत होते. फूल उमलतं त्याच सुमारास कोवळ्या सरकीच्या सालीवरच्या काही पेशी फुगून वर येतात. पेशीतली रिक्तिका पाणी ओढून घेते, त्या दाबाने भिंत ताणत जाते, दोन-तीन आठवडे ताणतच राहते. मग आतून सेल्युलोजचे थर चढू लागतात. "एका सरकीवर दहा-पंधरा हजार," सर म्हणाले. केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी पिंड, सगळा संसार त्या अरुंद नळीत. शाळेच्या चारशेपट भिंगातून केंद्रक कसंबसं दिसतं. गॉल्जीच्या चकत्या पाहायच्या तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

पुढची स्लाइड फुटलेल्या बोंडाची. मी तंतूचं टोक शोधू लागलो. रुंदी 15-20 मायक्रॉन, लांबी 28 मिलिमीटरच्या आसपास. भिंगाखाली एका वेळी अर्धा मिलिमीटरही मावत नाही. स्लाइड सरकवत राहिलो, मध्येच दुसरा तंतू आडवा येई, माझा हरवून जाई. टोक सापडेना.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. सुट्टीच्या दिवशी त्या वेचणीला जातात. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी पेरं ओरखडलेली. सरांनी त्यांना पुढे बोलावलं. एक डोळा मिटून त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे त पीळ पडलेल्या फितीवानी हाये."

अगदी तसंच होतं. बोंड उकललं की आतलं पेशीद्रव्य वाळतं, नळी चपटी होते, पिळली जाते. या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरतात आणि सूत निघतं. सतराव्या शतकातला डेल्फ्टचा लेव्हेनहूकही मूळचा कापडाचा व्यापारी. पुढे स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने जीवाणू पाहिले. सरांनी हे सांगितलं, मावशी मात्र भिंगातच होत्या.

मग सरांनी दोन पुंजके टेबलावर ठेवले. दोन्ही पांढरे, मला फरक कळेना. मावशींनी चिमटीत धरून एक बाजूला सारला. "हा कवडीतला. हातालेच समजते." कवडी म्हणजे नीट न उकललेलं बोंड.

सरांनी पोरांना मागे सारून दोन्हींवर 18 टक्के कॉस्टिक सोड्याचं द्रावण सोडलं. पिकलेल्या तंतूची भिंत जाड, ती फुगून काडीसारखी गोल होते. कच्चा तंतू चपटाच राहतो. भिंगाखाली पाहिलं, तर मावशींनी सारलेला चपटाच राहिला होता. भिंत पातळ राहिली, हे त्यांच्या बोटांनी सोड्याआधी ओळखलं होतं. वेचणीची मजुरी मात्र किलोवर मिळते. या पारखीचे पैसे कुणी देत नाही, आणि हे मला फार खुपलं.

एका सरकीवर दहा-पंधरा हजार. दिवसभराच्या ओटीत किती पेशी जात असतील, हा हिशेब मी मांडायला घेतला आणि सोडून दिला. पुन्हा भिंगाला डोळा लावून टोक शोधू लागलो.

मावशींनी एक सरकी उचलली. भांग पाडावा तसे तिच्यावरचे तंतू नखाने दोन्हीकडे विंचरले, एकच तेवढा उपसला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"हे घ्या, टोक."