कुलूप विकत घेण्यापूर्वी

दिव्यात घाऊक मालाचा व्यापार करणारे एक तरुण स्नेही गेल्या पावसाळ्यात एक दरपत्रक घेऊन माझ्याकडे आले. दहा संगणकांसाठी 'एंडपॉइंट' संरक्षण, एक फायरवॉल आणि तीन वर्षांचा करार. "काका, एवढं वाचून सांगा. सही करू ना?" मी तंत्रज्ञ नव्हे. परंतु बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात हयात गेली. कोणताही कागद हाती आला की प्रथम मनात येते ते असे : जोखीम नेमकी कोणती आणि ती या खर्चाने खरोखर कमी होणार आहे काय?

सोप्या शब्दांत सांगावयाचे, तर फायरवॉल म्हणजे बँकेच्या दारावरचा पहारेकरी. कार्यालयातील संगणकांचे जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या सीमेवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करतो. एंडपॉइंट संरक्षण म्हणजे आतील प्रत्येक कपाटाचा स्वतंत्र राखणदार. तो प्रत्येक संगणकावर असतो आणि तेथील संशयास्पद हालचाल अडवितो. एक असला म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

दिव्यावरून पनवेलकडे जाणाऱ्या मार्गावर न्हावा-शेव्याच्या कंटेनर मालगाड्या आपण नेहमी पाहतो. २७ जून २०१७ रोजी त्याच जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. 'नॉटपेट्या' नावाच्या घातक प्रणालीने त्या समूहाचे जगभरचे संगणक बंद पाडले होते. ही प्रणाली दार फोडून आली नव्हती. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून ती आत शिरली आणि मग आतल्या आत एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेली. समूहाचे जाळे पुन्हा उभे करताना घानामधील एक सर्व्हर कामी आला. वीज गेल्यामुळे तो हल्ल्याच्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता, म्हणून त्यातील नोंदी शाबूत राहिल्या.

दुसरे उदाहरण आम्हा बँकवाल्यांना अधिक जवळचे. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ साली स्थापन झालेली. ११ ऑगस्ट २०१८, म्हणजे दुसरा शनिवार, सुट्टीचा दिवस. ए.टी.एम.मधून पैसे देण्यास मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन चोरट्यांनी बनावट यंत्रणा उभी केली. २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ तारखेस, स्विफ्ट प्रणालीतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली.

या दोन घटना समोर ठेवून आम्ही दरपत्रक पुन्हा वाचले. त्यात वैशिष्ट्यांची यादी लांबलचक होती. मात्र एखादा संगणक बाधित झालाच, तर तो कोणाच्या आणि केव्हा लक्षात येईल, याविषयी एक ओळही नव्हती. मग विक्रेत्याला विचारावयाचे प्रश्न आम्ही लिहून काढले.

पहिला : राखण कोणाकोणाची? मालकांचा घरचा लॅपटॉप आणि लेखनिकाचा जुना संगणक मोजलेलाच नव्हता. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरवर एंडपॉइंट सॉफ्टवेअर बसत नाही. म्हणून फायरवॉलच्या साहाय्याने तो हिशेबाच्या संगणकांपासून वेगळ्या जाळ्यात ठेवता येईल काय?

दुसरा : फायरवॉलचा छापलेला वेग कोणत्या स्थितीतील? सर्व तपासण्या चालू केल्यावर तो बराच उतरतो. आपणांस तो उतरलेला आकडा हवा. आत येणाऱ्याबरोबर बाहेर जाणाऱ्या माहितीवरही ती लक्ष ठेवते काय, आणि नोंदी किती दिवस राहतात? 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपावयाच्या असतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवावयाच्या असतात.

तिसरा : सूचना कोण वाचणार? रात्री दोन वाजता आलेला इशारा कोणाच्याही मोबाईलवर जाणार नसेल, तर तो पहारेकरी मुका आहे. तसेच, काम मंदावते म्हणून कर्मचाऱ्याला हे सॉफ्टवेअर पासवर्डाशिवाय बंद करता येते काय?

चौथा : करार संपल्यावर काय? नूतनीकरण न झाल्यास यंत्र जागेवर दिसते, परंतु नव्या धोक्यांची ओळख त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा तिसऱ्या वर्षापर्यंतचा एकूण खर्च मांडावा.

पाचवा : चाचणी देता काय? जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' आणि ऑस्ट्रियातील 'एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज' या संस्थांचे निष्कर्ष जरूर पाहावेत. तरी आपल्या कार्यालयात महिनाभर वापरून पाहण्यास पर्याय नाही. आपले हिशेबाचे सॉफ्टवेअर अडखळते काय, तेही तेव्हाच कळते.

शेवटी मी स्नेह्यांना एक विनंती केली. "मार्चअखेरचा हिशेब बॅकअपमधून उघडून दाखवा." ते हसतच उठले. बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला कायम जोडलेली होती आणि तिच्यातील शेवटची प्रत आठ महिन्यांपूर्वीची निघाली. त्यांचा चेहरा उतरला. त्या दिवशी एखादा हल्ला झाला असता, तर संगणक आणि प्रत दोन्ही एकदमच गेले असते. उधारीची सारी येणी केवळ ग्राहकांच्या प्रामाणिकपणावर राहिली असती.

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे राहतात. येथेही तोच न्याय लावला. आता दोन डिस्क आळीपाळीने वापरल्या जातात. एक कार्यालयात, दुसरी घरच्या कपाटात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुनी एक फाईल उघडून पाहिली जाते आणि वहीत सही होते. सूचना स्नेह्यांच्या आणि त्यांच्या धाकट्या बंधूंच्या, अशा दोन मोबाईलवर येतात.

करारावर त्यांनी सही केली. परंतु महिनाभराच्या चाचणीनंतर, तेरा उपकरणांची मोजणी करून आणि तीनऐवजी एकाच वर्षासाठी. आपल्या पेढीतही असे दरपत्रक आले असेल, तर सही करण्यापूर्वी एवढेच करावे : बॅकअपमधील एक जुना हिशेब आजच उघडून पाहावा.