बोलपट मागे पडले, तबकड्या उरल्या

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांत गाण्याचा विषय निघाला म्हणजे तो ख्यालापासून सुरू होतो आणि फार तर नाट्यपदापर्यंत येऊन थांबतो. अशा घरात वाढलेल्या माणसाने अमेरिकेतील गुन्हेगारी बोलपटांच्या संगीतावर लिहावे, हे कित्येकांना वावगे वाटेल. परंतु ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. आज त्याचे कथानक धड सांगू शकणारे थोडे, आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली गुणगुणणारे पुष्कळ. नाटक मागे राहते, पद पुढे जाते. ‘शाफ्ट’ आणि ‘सुपर फ्लाय’ या दोन बोलपटांच्या तबकड्यांनाही हेच भाग्य लाभले. त्यांपैकी एकीने तर पडद्यावर न सांगितलेली गोष्ट सांगितली, म्हणून मला तिचे विशेष वाटते.

१९७०च्या सुमारास हॉलिवूडमधील मोठ्या चित्रसंस्था पैशाच्या ओढाताणीत होत्या. शहरांतील कृष्णवर्णीय प्रेक्षक हे हुकमी गिऱ्हाईक आहे, हे त्यांनी ओळखले, आणि कृष्णवर्णीय नायकांचे कमी खर्चाचे बोलपट निघू लागले. त्यांना साजेल असे संगीत म्हणजे फंक. सोल, रिदम अँड ब्लूज आणि जॅझ यांच्या मिश्रणातून आलेल्या या प्रकारात पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्या समेवर, सारा जोर असतो आणि बास गिटार ठेका तोलून धरते.

गॉर्डन पार्क्स यांचा ‘शाफ्ट’ १९७१ साली आला. संगीत आयझॅक हेज यांचे. नायकाची भूमिका मिळेल या आशेने हे गृहस्थ काम करावयास तयार झाले. ती रिचर्ड राउंडट्री यांना गेली आणि हेज यांच्या वाट्याला संगीत आले. प्रेक्षकांचा त्यात फायदाच झाला! आरंभीच्या गीतात ड्रमच्या जोडीची लहान झांज चौगुनीत एकसारखी वाजत राहते. चार्ल्स पिट्स यांची गिटार पायाखालच्या पट्टीने कधी तोंड उघडल्यासारखी, कधी मिटल्यासारखी बोलते. गायक अडीच मिनिटांहून अधिक काळ गप्पच! ज्यांनी विलंबित ख्याल ऐकला आहे, त्यांना हा धीर परका वाटू नये. हे सारे संगीत हेज यांनी मेम्फिसमध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि दोन तबकड्यांचा संच निघाला. त्यातले एक गीत तर एकोणीस मिनिटांचे आहे. १९७२ साली हेज यांना सर्वोत्तम गीताचे ऑस्कर मिळाले. या विभागातले ते पहिले कृष्णवर्णीय मानकरी.

पुढच्याच वर्षी पार्क्स यांच्या मुलाने ‘सुपर फ्लाय’ काढला. त्याचा नायक कोकेन विकणारा. अंगावर उंची कपडे, दाराशी मोटार, आणि कॅमेरा त्या थाटावर लुब्ध! कृष्णवर्णीयांच्या संघटनांनीच अशा बोलपटांचा निषेध केला. संगीतकार कर्टिस मेफील्ड हे नागरी हक्कांच्या चळवळीची गीते रचून नावारूपाला आलेले. पडद्यावर कोकेनची जाहिरातच चालली आहे, असे त्यांना वाटले. मग त्यांनी काय केले? काम सोडले नाही. गाण्यांतून उत्तर दिले.

या कथेत फ्रेडी नावाचा एक दुबळा माणूस आहे. पोलिसांच्या तावडीतून पळताना तो मोटारीखाली सापडून मरतो, आणि कथा त्याला मागे टाकून पुढे निघून जाते. मेफील्ड यांनी त्याच्यावर गीत रचले. वापर करून घेणारे पुष्कळ, त्याच्यासाठी थांबणारा कोणी नाही, असा त्याचा आशय. बोलपटात मात्र या गीताची नुसती चाल वाजते; शब्द ऐकावयाचे तर तबकडीच लावली पाहिजे. शब्द पडद्यावर नसल्यामुळे ते ऑस्करच्या स्पर्धेलाही पात्र ठरले नाही. पण तबकडी बोलपटाच्या आधीच बाजारात आली होती. हे शब्द कानांत घेऊन चित्रगृहात बसलेल्या श्रोत्याला फ्रेडीचे मरण तितक्या सहजी विसरता आले नसेल. मेफील्ड यांचा उंच, नाजूक आवाज कोठेही दटावत नाही. म्हणूनच तो अधिक झोंबतो.

यात जॅझवाल्यांचा वाटा मोठा. ‘सुपर फ्लाय’ची वाद्यरचना जॉनी पेट या जुन्या जॅझ-बासवादकाची. ‘अक्रॉस ११०थ स्ट्रीट’ (१९७२) या बोलपटात बॉबी वोमॅक यांच्या गाण्यांना ट्रॉम्बोनचे नामांकित वादक जे. जे. जॉन्सन यांच्या पार्श्वसंगीताची जोड मिळाली. ‘डेथ विश’ (१९७४) पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांच्याकडे गेला. क्लबात वाजवून पोट भरणाऱ्या कलावंतांना मोठा वाद्यवृंद हाताशी मिळाला, तो अशा कामांतून.

व्यवहाराची बाजू कडू आहे. मेफील्ड यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली होती. हेज १९७६ साली दिवाळखोरीत गेले आणि आपल्याच गीतांच्या उत्पन्नाला मुकले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने दोघांचे काम जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतले. २००८ साली हेज वारले. ‘शाफ्ट’ची झांज अजून ओळखीची आहे.

ज्या वाचकांना हे ऐकावेसे वाटेल त्यांना माझी एकच विनंती. ‘सुपर फ्लाय’ आधी पाहा आणि मग तबकडी ऐका. बोलपट संपल्यावर फ्रेडीचे नाव आठवते का, तेवढे स्वतःला विचारा. तबकडी ऐकल्यावर ते विसरता येत नाही.