इन्क्युबेटरचा आकडा पेशींचा नव्हे

प्रयोगशाळेत पेशी वाढवताना त्यांना किती ऑक्सिजन मिळतो, हे बहुधा गृहीतच धरले जाते. इन्क्युबेटरमध्ये बाहेरचीच हवा असते. कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प मिसळल्यावर तिच्यात सुमारे 18 ते 19 टक्के ऑक्सिजन उरतो. शरीरात मात्र यकृताच्या पेशींना, रक्त आत शिरते तिथेसुद्धा, याच्या जेमतेम निम्मा मिळतो आणि पुढे तो घटतच जातो. ऑक्सिजन बदलला की पेशी जनुकांचा कारभारच बदलते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चे नोबेल मिळाले. केसाएवढ्या वाहिन्यांच्या चिपवर यकृताच्या पेशी वाढवून औषधे तपासायला भारतानेही 2023 च्या नियमबदलाने वाट मोकळी केली आहे. तेव्हा त्या चिपमधला ऑक्सिजन पेशींच्या अगदी शेजारी मोजलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

क्लार्क इलेक्ट्रोड हे जुने, भरवशाचे साधन. पण ते मोजताना ऑक्सिजनच खाते आणि चिपमधल्या थेंबभर द्रवात ते परवडत नाही. प्रकाशाची रीत वेगळी आहे. प्लॅटिनम पोर्फिरिन हे रंगद्रव्य पॉलिस्टायरीनच्या पातळ थरात बसवतात. त्यावर प्रकाश टाकला की ते लालसर चमकते. ऑक्सिजनचा रेणू येऊन धडकला की ऊर्जा त्याच्याकडे जाते आणि चमक लवकर विझते. ऑक्सिजन नसेल तर ती काही डझन मायक्रोसेकंद टिकते, हवेत त्याच्या निम्म्याहून कमी. विझण्याचे हे गणित स्टर्न आणि फोल्मर यांनी 1919 मध्येच मांडले होते.

रंगद्रव्य फिके पडते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच चमक किती तेजस्वी आहे हे न पाहता ती किती वेळ टिकते हे मोजावे. रंग उडाला तरी हा वेळ फारसा हलत नाही. प्रकाशामुळे पेशींना घातक असा सक्रिय ऑक्सिजन तयार होतो, हेही खरे. त्यावर मंद, क्षणिक झोत हा उपाय आहे. तापमानाचा परिणाम टळत नाही, तेव्हा अंशांकन 37 अंशांवरच करावे लागते. यापेक्षा वजनदार आक्षेप असा की, हे सारे गणिताने काढता येईल, मग मोजायचे कशाला? पण चिप ज्या पीडीएमएस रबराची असते त्यातून ऑक्सिजन सहज झिरपतो, आणि पेशी तो किती वापरतात हे तर औषधागणिक बदलते. पेशीत ऑक्सिजन वापरणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला इजा करणारे औषध दिले, तर पेशी मरण्याच्या कितीतरी आधी त्यांचा ऑक्सिजनचा वापर घसरतो आणि वाहिनीतला ऑक्सिजन वाढू लागतो. ही वाढ कोणत्याही गणिताला आधी ठाऊक नसते. ती मोजूनच कळते.