डी विट क्लिंटन व त्यांचा कालवा

लोकोपयोगी कामाचा हिशेब पक्षाच्या वहीत मांडावा की लोकांच्या, हा प्रश्न जेथे लोकनियुक्त सभा आहेत तेथे नित्य उपस्थित होतो. त्याचे उत्तर ज्यांस पाहिजे असेल त्यांनी अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानचे गव्हर्नर डी विट क्लिंटन यांचे चरित्र अवश्य पाहावे.

क्लिंटन यांचा जन्म 1769 चा. 1786 साली ते कोलंबिया कॉलेजातून पदवीधर झाले, पुढे कायदा शिकले, आणि गव्हर्नर असलेल्या चुलत्यांचे चिटणीस झाले. 1798 साली ते कायदेमंडळात शिरले. 1802 साली सेनेटर झाले व दुसऱ्याच वर्षी ती जागा सोडून न्यूयॉर्कचे मेयर झाले. गरिबांच्या मुलांकरिता 1805 साली निघालेल्या मोफत शाळांच्या मंडळीचे ते पहिले अध्यक्ष होत. 1812 साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मॅडिसन यांनी त्यांचा पराभव केला.

परंतु त्यांची खरी कीर्ति ईरी कालव्याची. बफेलोहून न्यूयॉर्कास एक टन माल खुष्कीने आणण्यास सुमारे 100 डॉलर पडत; मग शेतकऱ्याच्या धान्यास भाव कोठून येणार? मध्यवर्ती सरकारने मदत करावी असे विधेयक काँग्रेसने संमत केले, पण राज्यघटनेत तसा अधिकार नाही म्हणून मॅडिसन यांनी मार्च 1817 मध्ये ते नामंजूर केले. तेव्हा न्यूयॉर्कने स्वतःच्या पतीवर कर्ज काढले. त्या कर्जरोख्यांत शहरातील बचत पेढीने पुष्कळ रक्कम गुंतविली, व तीत हातावर पोट असणाऱ्यांचेही पैसे होते! क्लिंटन गव्हर्नर झाले आणि 4 जुलै 1817 रोजी रोम गावी पहिली कुदळ पडली. कालव्याचा अनुभव असलेला इंजिनियर जवळ नव्हता. जमीन मोजणारे लोकच काम करीत शिकले. विरोधक त्यास ‘क्लिंटनचा चर’ म्हणून हिणवीत. 363 मैलांचा व 83 लॉकांचा हा चर ऑक्टोबर 1825 मध्ये पुरा झाला. खर्च 70 लाख डॉलरांवर गेला खरा, पण वाहतुकीचा दर सुमारे एकदशांशावर आला, आणि जकातीच्या उत्पन्नातून कर्ज फिटले. व्यापारी वाचकांस याहून अधिक सांगणे नलगे.

तथापि आम्ही नुसती स्तुति गाणार नाही. त्या भूमीचे मूळ धनी जे हॉडेनोसोनी लोक, त्यांच्या हातून ती आधीच पुष्कळशी गेली होती. कालव्याने ते परत येण्याची वाटच बुजविली. माँटेझुमाच्या दलदलीत 1819 साली शेकडो मजूर तापाने अंथरुणास खिळले. शिवाय 1801 साली नेमणुकांच्या मंडळात असता क्लिंटन यांनीच विरोधकांस काढून स्वपक्षीयांस जागा दिल्या होत्या. पेरले ते उगवले. एप्रिल 1824 मध्ये, काम संपत आले असता, कायदेमंडळातील विरोधकांनी त्यांस कालवा-कमिशनवरून दूर केले. या जागेस वेतन नव्हते. म्हणजे हेतु निव्वळ द्वेषाचा! जनता इतकी खवळली की त्याच वर्षी तिने त्यांस पुनः गव्हर्नर निवडले.

11 फेब्रुवारी 1828 रोजी ते अधिकारावर असताच वारले, ते कर्जबाजारी स्थितीत. कोट्यवधींचा व्यापार ज्याने खुला केला त्याचे शव 1844 पर्यंत दुसऱ्याच्या थडग्यात उसने ठेवावे लागले. सार्वजनिक पैसा हाताळूनही ज्याचे घर रिते राहिले, त्याच्या शुचितेस याहून मोठा दाखला कोणता? मत देताना आमच्या वाचकांनी उमेदवाराचा पक्ष विचारावाच. पण त्याने हाती घेतलेले काम कोठवर आले आणि त्याच्या घरात काय साठले, हे आधी विचारावे.