अंगणातली रोषणाई आणि ओला हात

आषाढी वारीत माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी असते. दारात दिव्यांच्या माळा लावण्याची हौस असते, पण दिवस पावसाचे असतात. दिवाळी-नाताळात पाऊस नसला, तरी दव आणि सडा घातलेले अंगण ओलेच असते.

कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते. त्वचा भिजली की शरीराचा विरोध एक हजार ओहमच्या आसपास उतरतो. घरातली वीज २३० व्होल्टची असते. म्हणजे ओल्या हाताने उघडी तार धरली, तर शरीरातून सुमारे २३० मिलिअँपियर प्रवाह जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडायला १०० मिलिअँपियरही पुरेसे ठरतात.

म्हणून बाहेर लावायची माळ त्याच वापरासाठी बनवलेली असावी. तारेचे जोड उघड्यावर नसावेत. पत्र्याला, लोखंडी जाळीला तार गुंडाळू नये. माळ लावताना-काढताना प्लग काढून ठेवावा. घराला ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. गळती होताच ते क्षणात वीज तोडते. एमसीबीवर विसंबून भागत नाही.

कुणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच बंद करावा, मगच त्या व्यक्तीला हात लावावा. श्वास थांबला असेल, तर १०८ला फोन करून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब द्यावा. माणूस सावरला, तरी डॉक्टरांना दाखवून ईसीजीबद्दल विचारावे.

दरवर्षी माळा लावण्याची प्रथा घरात सुरू करताना मुलांना आधी एक गोष्ट दाखवावी : मेन स्विच कुठे आहे.