जोडायचं कपाट घेताना: चकाकी नको, कडा पाहा

गटाच्या बैठकीत कर्ज कशासाठी हवं ते वहीत लिहावं लागतं. बियाणं, शेळी, मुलांची फी, दवाखाना या नोंदींच्या जोडीला आता "स्वयंपाकघरातलं कपाट" अशीही नोंद दिसायला लागली आहे. घरकुल झालं, कडप्प्याचा ओटा झाला, पण ओट्याखाली अजून दोरीवर जुन्या साडीचा पडदाच आहे. पडद्याआड डबे, झुरळं आणि उंदीर एकत्रच नांदतात. तेव्हा कपाट हवंसं वाटणं ही काही चैन नाही.

सुताराला घरी बोलावून सगळं करून घेणं महाग पडतं, म्हणून हल्ली खोक्यात बंद होऊन येणारं, आपण जोडायचं कपाट बऱ्याच जणी घेतात. यात फळ्या कारखान्यात कापून, भोकं पाडून, सपाट बांधून येतात. वाहतुकीला जागा कमी लागते आणि जोडणीची मजुरी वाचते, म्हणून ते स्वस्त. पण कर्जाचा शेवटचा हप्ता फिटायच्या आत फळी फुगली, तर स्वस्त कपाट सगळ्यात महाग ठरतं. ते होऊ नये म्हणून आज फळी, भिंत, सिलिंडर आणि जोडणी यांबद्दल बोलू.

आधी माप. ओट्याखाली कडप्प्याचे उभे आधार असतात, त्यामुळे खण पडतात. प्रत्येक खणाची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. गवंडीकाम कितीही चांगलं असलं तरी तिन्ही मापं क्वचितच सारखी येतात. त्यातलं सगळ्यात लहान माप धरा आणि कपाट त्याहून अर्धा इंच कमीच घ्या. खोली आणि उंचीही अशीच मोजा. पाण्याचा पाइप, मोरीचा पाइप आणि गॅसची नळी कुठून जाते ते कागदावर काढून ठेवा. हा कागद घेऊनच दुकानात जायचं.

आता फळी. दुकानात सगळी कपाटं सारखीच चमकतात, कारण वरून सनमायकासारखा थर असतो. आत काय आहे ते बघायचं असेल तर बिजागरीसाठी पाडलेल्या भोकात डोकवा. आत लाकडाचा जाडसर भुसा दाबल्यासारखा दिसला तर ते पार्टिकल बोर्ड. अगदी बारीक, पुठ्ठ्यासारखं गुळगुळीत दिसलं तर एमडीएफ. एकावर एक पातळ पापुद्रे दिसले तर प्लायवूड. पार्टिकल बोर्ड सगळ्यात स्वस्त, पण त्यात एकदा पाणी मुरलं की फळी फुगते आणि वाळली तरी पूर्ववत होत नाही. साधं एमडीएफही पाण्याला टिकत नाही.

विक्रेता म्हणेल, "ताई, हे एमआर आहे, वॉटरप्रूफ." इथे थांबा. एमआर म्हणजे हवेतल्या दमटपणाला तोंड देणारं. रोज पाणी सांडतं तिथे ते टिकेल असा त्याचा अर्थ नाही. पाण्याजवळ प्लायवूडच घ्यायचं असेल तर त्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ७१० हा क्रमांक बघा. तो मरीन प्लायवूडचा क्रमांक आहे. आयएस ३०३ हा साध्या वापराच्या प्लायवूडचा. बिलावरही फळीचा प्रकार लिहून घ्या. तोंडी बोलणं तक्रारीच्या वेळी कामाला येत नाही.

सगळं कपाट महागड्या फळीचं करायची गरज नाही. बेसिनखालचा एक खण पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचा किंवा पीव्हीसी बोर्डाचा करा. ते जमत नसेल तर तो खण उघडाच ठेवा, तिथे बादली आणि केरसुणी राहील. बाकीच्या कोरड्या खणांना पार्टिकल बोर्ड चालेल, पण फळीच्या चारही कडांना पट्टी चिकटवलेली हवी. पाणी वरच्या चकचकीत थरातून आत जात नाही, ते उघड्या कडेतून जातं. म्हणून बोट फिरवून कड बघा. मागची आणि खालची कडसुद्धा, कारण पट्टी वाचवायची तर तिथेच वाचवतात.

गॅस सिलिंडरचं मात्र नीट ऐका. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि भरलेलं सिलिंडर सुमारे ३० किलोचं होतं. ते कपाटाच्या फळीवर ठेवू नका, जमिनीवर उभंच ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर खाली साचतो. दार लावलेल्या कपाटात तो कोंडून राहतो, आणि वासही उशिरा येतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला दार लावू नका. खण दिसायला बरा नाही वाटला तरी चालेल, हवा खेळायला हवी आणि रेग्युलेटरपर्यंत हात एका झटक्यात पोचायला हवा.

भिंतीवर टांगायचं कपाट घेताना आधी भिंत बघा. पक्क्या विटांची, सिमेंटची भिंत असेल तर प्लास्टिकची गिट्टी आणि लांब स्क्रू वापरून टांगता येतं. भोक विटेच्या मधोमध पाडायचं. विटांच्या सांध्यात पाडलं तर पकड राहत नाही. कपाटाच्या मागच्या पातळ पत्र्यातून नव्हे, तर आतल्या जाड पट्टीतून स्क्रू गेला पाहिजे. मातीची किंवा पोकळ वाजणारी भिंत असेल तर तिथे काही टांगू नका. धान्याचे डबे भरलेलं कपाट रात्री कोसळलं तर खाली कोण झोपलेलं असेल, याचा विचार करा. अशा घरात जमिनीवर उभं राहणारं कपाटच बरं. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, कारण वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते. आणि उंची ठरवताना ओट्यासमोर स्वतः उभं राहून हात वर करा. स्टूल न घेता हात पोचेल ती तुमची वरची फळी. घरात उंच कोण आहे ते इथे बघायचं नाही, स्वयंपाक कोण करतं ते बघायचं.

आता जोडणी. गोधडी अंथरा, म्हणजे फळ्यांना ओरखडे पडणार नाहीत. खोक्यातला कागद काढून सगळे स्क्रू मोजा आणि प्रकारानुसार वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. काही कमी असेल तर जोडायच्या आधीच दुकानात कळवा. लाकडी छोट्या खुंट्या भोकात बसवायच्या, त्या दोन फळ्यांना एका रेषेत धरतात. धातूची खिळी एका फळीत फिरवायची, ती दुसऱ्या फळीत घालायची आणि तिथली गोल चकती पेचकसाने साधारण अर्धा फेरा फिरवायची. घट्ट झालं की थांबा. जोर केला तर भुशाची फळी आतून चुरते आणि स्क्रू नुसताच गरगर फिरतो. याच कारणाने जोडणीला विजेचं ड्रिल नको, हाताचा पेचकसच बरा.

मागचा पातळ पत्रा ठोकण्याआधी खोक्याचे दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा, आणि वरचा उजवा ते खालचा डावा. दोन्ही सारखे आले तर खोकं काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर हलका दाब देऊन सरळ करा, मगच खिळे मारा. इथे तिरकं राहिलं तर दारं कधीच सरळ बसत नाहीत.

खाली प्लास्टिकचे किंवा स्टीलचे पाय लावाच. फरशी धुताना पाणी फळीला लागत नाही, आणि वाळवी चढायला लागली तर डोळ्यांना दिसते. पाइपसाठी फळी कापावी लागली तर कापलेल्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात द्या. दारं सगळ्यात शेवटी. ती खालीवर झाली तर बिजागरीचे स्क्रू थोडे थोडे फिरवून सरळ करता येतात. आणि भरलेलं खोकं एकटीने उचलू नका, दोघी लागतातच.

शेवटी पैशाचं. सगळं एकदम घ्यायला हवं असं नाही, आधी दोन खण करा. समजा, गटातून १०,००० रुपये घेतले, शेकडा महिना १ रुपया दराने, १० समान हप्त्यांत, उरलेल्या रकमेवर व्याज. पहिल्या महिन्याचं व्याज १०० रुपये, शेवटच्याचं १०, आणि सगळं मिळून ५५०. दुकानदार बिनव्याजी हप्ता देत असेल तर त्याला एकच विचारा: सगळे हप्ते, फी आणि गावापर्यंतचं भाडं धरून एकूण किती? तो आकडा आणि रोखीची किंमत शेजारी शेजारी लिहा, मग ठरवा.

लग्नकार्याची मोठी भांडी गटानं घेऊन ठेवावीत तशी एक अवजारांची पेटीही घेता येईल. टेप, दोन पेचकस, हातोडी, पाणसळ आणि भिंतीला भोकं पाडायचं एक ड्रिल. वहीत नाव लिहून न्यायचं, आणून द्यायचं. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या ओट्याखालच्या खणांची मापं लिहून आणा. ज्यांना कर्ज हवंय त्यांचे कागद आपण सगळ्या मिळून बघू, आणि मगच मंजुरी देऊ.